'बोरिस गोदुनोव'चा शेवट : रशियन राष्ट्रीय संगीतातील लोक, राजा आणि संपादक

१. प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील रशियन संगीताविषयी लिहिताना 'राष्ट्रीय' हे विशेषण इतक्या सहजतेने वापरले जाते की, त्याचा नेमका अर्थ तपासण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. प्रचलित समज थोडक्यात असा मांडता येईल : इटालियन ऑपेरा आणि जर्मन सिंफनी यांच्या छायेत वाढलेल्या रशियन संगीतकारांनी लोकगीतांच्या चाली हाती घेतल्या, परकीय वळण झुगारले आणि त्यातून रशियन संगीत जन्मास आले. हा समज निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे. लोकगीताची चाल उचलणे ही एक गोष्ट आणि ज्यांची ती चाल आहे त्यांना संगीतातून बोलू देणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट दरबारी कलावंतही करू शकतो. दुसरी करावयाची तर कलेचे प्रस्थापित व्याकरणच पणाला लावावे लागते.

हा भेद मोदेस्त मुसोर्गस्की (१८३९–१८८१) याच्या 'बोरिस गोदुनोव' या ऑपेरात विशेष स्पष्टपणे पाहता येतो. या कृतीची एकाहून अधिक रूपे उपलब्ध आहेत. दोन स्वतः रचनाकाराची. त्यांशिवाय त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह (१८४४–१९०८) याने सिद्ध केलेले संस्करण. पश्चिम युरोपला आणि पुढे जगाला ही कृती रंगभूमीवर प्रथम परिचित झाली ती या संस्कारित रूपात. या संस्करणाची चर्चा बहुधा हार्मनी (एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांची जुळणी) आणि वाद्यवृंदरचना यांतील बदलांपुरती मर्यादित राहते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, त्यातील सर्वांत दूरगामी बदल शेवटच्या दोन प्रवेशांच्या अदलाबदलीचा आहे. त्या एका बदलाने लोकांची शोकांतिका ही राजाची शोकांतिका झाली. 'राष्ट्रीय' संगीतातील राष्ट्र म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे या दोन शेवटांत दडलेली आहेत.

२. पूर्वपीठिका : ग्लिंका आणि 'बलाढ्य मंडळी'

रशियन राष्ट्रीय ऑपेराचा आरंभ मिखाईल ग्लिंका (१८०४–१८५७) याच्या 'झारसाठी प्राणार्पण' या १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे रंगभूमीवर आलेल्या कृतीपासून मानला जातो. ग्लिंकाचे शिक्षण मात्र रशियात पुरे झाले नव्हते. तो काही वर्षे इटलीत राहिला, बर्लिनमध्ये झीगफ्रीड डेन या विद्वानाकडे शिकला आणि त्याचा मृत्यूही बर्लिनलाच झाला. या ऑपेराचा नायक इवान सुसानिन हा शेतकरी आहे. पोलिश सैनिकांना आडरानात नेऊन तो नव्या झारचे प्राण वाचवतो आणि स्वतः मरण पत्करतो. आरंभी नायकाच्याच नावाने ओळखली जाणारी ही कृती निकोलस पहिला याच्या कृपाछत्राखाली येताच शीर्षकासह झारची झाली. पुढे १९३९ मध्ये सोव्हिएत राजवटीने सेर्गेई गोरोदेत्स्की याच्याकडून तिची शब्दसंहिता नव्याने लिहून घेतली आणि ती पुन्हा 'इवान सुसानिन' या नावाने रंगमंचावर आली. सूर तेच राहिले. ते कोणासाठी गायचे हे मात्र सत्तेने दोनदा ठरवले. राष्ट्रीय कृतीच्या संहितेत हस्तक्षेप होण्याची परंपरा अशी तिच्या जन्मापासूनच सुरू झालेली दिसते.

ग्लिंकाच्या या ऑपेरात रशियन माणसे गातात आणि पोलिश माणसे मुख्यतः नाचतात. पोलोनेझ आणि माझुर्का हे नृत्यप्रकार शत्रूची ओळख म्हणून येतात. राष्ट्राची व्याख्या येथे 'आपण' आणि 'परके' या विरोधातून सिद्ध होते. 'आपण' या शब्दाच्या आत काही ताण असू शकतो, याची जाणीव या कृतीत नाही. शेतकरी आणि राजा यांच्यात भेद नाही, कारण शेतकऱ्याचे अस्तित्वच राजासाठी आहे.

ग्लिंकानंतरच्या पिढीचे नेतृत्व मिली बालाकिरेव्ह (१८३७–१९१०) याच्याकडे आले. त्याच्याभोवती सेझार क्युई, मुसोर्गस्की, रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि अलेक्सांद्र बोरोदिन हे चौघे जमले. व्लादिमीर स्तासोव्ह या समीक्षकाने १८६७ च्या एका लेखात रशियन संगीतकारांच्या छोट्या पण बलाढ्य मंडळीचा गौरवाने उल्लेख केला आणि पुढे 'बलाढ्य मंडळी' हेच या पाच जणांचे नाव होऊन बसले. यांपैकी आरंभी संगीत हा कोणाचाच रीतसर शिकलेला व्यवसाय नव्हता. क्युई हा लष्करी तटबंदीशास्त्राचा तज्ज्ञ, बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक, रिम्स्की-कोर्साकोव्ह नौदलाचा अधिकारी, तर मुसोर्गस्की आधी रक्षकदलात आणि नंतर सरकारी कचेरीत नोकरीला होता. वंशाच्या दृष्टीने पाहिले तरी क्युईचे वडील फ्रेंच होते आणि बोरोदिन हा एका जॉर्जियन राजपुत्राचा अनौरस पुत्र होता. रशियनपण हे या मंडळींच्या बाबतीत रक्तातून आपसूक आलेले नव्हते. ते विचारपूर्वक निवडलेले धोरण होते.

३. शिक्षणाचा वाद आणि त्याची उलटापालट

या मंडळीचा झगडा जर्मन संगीताशी होता असे म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि शूमान, बेर्लिओझ आणि लिस्ट यांच्याविषयी त्यांना नितांत आदर होता. त्यांचा खरा विरोध होता तो संस्थेला. आन्तोन रुबिनस्टाइन याने १८५९ मध्ये रशियन संगीत संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गची संगीत अकादमी सुरू केली. त्याच वर्षी बालाकिरेव्ह आणि गाव्रिल लोमाकिन यांनी 'मोफत संगीत शाळा' काढून प्रतिपक्ष उभा केला. अकादमीत शिकवल्या जाणाऱ्या नियमांनी रशियन प्रतिभा एका ठराविक साच्यात ओतली जाईल, अशी बालाकिरेव्हच्या गटाची भीती होती. रुबिनस्टाइनच्या बाजूचे म्हणणे असे की, शिक्षणावाचून प्रतिभा हौशीपणातच अडकून पडते.

१८७१ मध्ये या वादाला अनपेक्षित वळण मिळाले. रिम्स्की-कोर्साकोव्हला त्याच अकादमीत प्राध्यापकपद देऊ करण्यात आले आणि त्याने ते स्वीकारले. आपण जे शिकवणार आहोत त्याचे पद्धतशीर ज्ञान आपल्याला नाही, हे त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने नमूद केले आहे. त्यानंतर कित्येक वर्षे तो विद्यार्थ्यांच्या पुढे एक पाऊल राहून काउंटरपॉइंट आणि हार्मनी शिकत होता. या परिश्रमांतून विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक श्रेष्ठ वाद्यवृंदरचनाकार घडला. त्याचबरोबर मित्रांच्या रचनांकडे पाहण्याची त्याची दृष्टीही बदलली. पूर्वी जे धाडस वाटत होते ते आता अज्ञान वाटू लागले.

याच सुमारास, १८७१–७२ च्या हिवाळ्यात, मुसोर्गस्की आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह एकाच खोलीत राहत होते आणि एकच पियानो आळीपाळीने वापरत होते. एक जण 'बोरिस'चे दुसरे रूप सिद्ध करीत होता, तर दुसरा 'प्स्कोव्हची कन्या' हा आपला पहिला ऑपेरा पुरा करीत होता. दोन्ही कृतींत जमावाचे मोठे प्रवेश आहेत. पुढे ज्या दोन दृष्टिकोनांची फारकत झाली, ते एकेकाळी एका छपराखाली नांदत होते. म्हणूनच रिम्स्की-कोर्साकोव्हच्या संस्करणाकडे परक्याचे आक्रमण म्हणून पाहता येत नाही. ते घरातल्याच माणसाने, प्रेमापोटी आणि पूर्ण विश्वासाने केलेले काम होते.

४. 'बोरिस'ची मूळ रूपे

पुश्किनने १८२५ मध्ये लिहिलेले आणि १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेले 'बोरिस गोदुनोव' हे नाटक करामझिनच्या इतिहासग्रंथावर आधारलेले आहे. बोरिसने १५९८ ते १६०५ या काळात राज्य केले. १५९१ मध्ये उग्लिच येथे मरण पावलेला बालराजपुत्र दिमित्री याचा खून बोरिसने करवला, असे करामझिन आणि पुश्किन गृहीत धरतात. इतिहाससंशोधनात हा आरोप सिद्ध मानला जात नाही. ऑपेराच्या दृष्टीने मात्र तो कथेचा कणा आहे.

मुसोर्गस्कीने १८६८–६९ मध्ये सात प्रवेशांचे पहिले रूप लिहिले. साम्राज्याच्या नाट्यगृहांच्या निवड समितीने १८७१ मध्ये ते नाकारले. मुख्य आक्षेप असा होता की, त्यात प्रमुख स्त्रीभूमिका नाही. त्यानंतर १८७२ पर्यंत त्याने दुसरे रूप सिद्ध केले. त्यात मारिना या पोलिश सरदारकन्येसह पोलंडचा संपूर्ण अंक आला. समितीच्या समाधानासाठी एवढे पुरेसे होते. मुसोर्गस्की मात्र तेवढ्यावर थांबला नाही. संत बासिलच्या चर्चपुढील प्रवेश त्याने काढून टाकला आणि क्रोमीच्या रानातील बंडाचा एक संपूर्ण नवा प्रवेश लिहिला. हा प्रवेश समितीने मागितलेला नव्हता. त्यामुळे दुसरे रूप म्हणजे केवळ दडपणापोटी केलेली तडजोड, हे मत टिकत नाही. ती रचनाकाराची स्वतंत्र पुनर्विचारणा होती. क्रोमीचा प्रवेश बोरिसच्या मृत्यूनंतर, अगदी शेवटी ठेवावा, ही सूचना व्लादिमीर निकोल्स्की या अभ्यासकाने केली आणि मुसोर्गस्कीने ती आनंदाने स्वीकारली. शेवटाचा क्रम हा अशा रीतीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

१८७४ च्या आरंभी मारिन्स्की नाट्यगृहात एदुआर्द नाप्राव्हनिकच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला. प्रेक्षकांनी स्वागत केले. पण मंडळीतीलच क्युईने वृत्तपत्रात कठोर टीका केली आणि ती मुसोर्गस्कीच्या जिव्हारी लागली. १८७६ पासून प्रयोगांतून क्रोमीचा प्रवेश गाळला जाऊ लागला. स्तासोव्हने त्याचा जाहीर निषेध केला, परंतु उपयोग झाला नाही. १८८१ मध्ये मुसोर्गस्की लष्करी रुग्णालयात मरण पावला आणि १८८२ मध्ये हा ऑपेरा मारिन्स्कीच्या रंगमंचावरून उतरला.

५. लोकगीत आणि लोकवाणी

'बोरिस'मध्ये लोकगीते कोठे आणि कशासाठी येतात, हे बारकाईने पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. पहिल्याच प्रवेशात नोवोदेविची मठाबाहेर जमलेला जमाव बोरिसने राज्य स्वीकारावे म्हणून विनवणी करतो. या समूहगानाला लोकगीताचे वळण आहे. ते करुण आणि श्रवणीय आहे. पण हे गाणे हातात सोटा घेतलेल्या शिपायाच्या धाकाने चाललेले आहे. शिपाई पाठ वळवताच गाणे थांबते आणि लोक आपापसांत बोलू लागतात. आपण कशासाठी आक्रोश करतो आहोत हे एक जण दुसऱ्याला विचारतो आणि त्यालाही ते ठाऊक नसते. बायका भांडू लागतात. शिपाई परतला की पुन्हा तेच आर्त गाणे सुरू होते.

म्हणजे लोकगीतसदृश सूर हा येथे आज्ञापालनाचा सूर आहे. लोकांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो मधल्या तुटक, बोलीभाषेच्या चढउतारांवर बेतलेल्या संवादांत. दुसऱ्या प्रवेशात, राज्यारोहणाच्या वेळी, 'स्लावा' हे परंपरागत गौरवगीत येते. हीच चाल ल्वोव आणि प्राच यांच्या १७९० च्या संग्रहातून बेथोव्हनने घेतली होती आणि आपल्या ओपस ५९ मधील दुसऱ्या चतुष्टकात वापरली होती. व्हिएन्नातल्या चतुष्टकात आणि क्रेमलिनच्या प्रांगणात तीच चाल नांदू शकते, याचा अर्थ राष्ट्रीयत्व चालीत साठवलेले नसते. ती कोण, कोणाच्या सांगण्यावरून गातो यावर ते अवलंबून असते. मुसोर्गस्कीला हे उमगले होते. म्हणून त्याने गौरवगीताभोवती घंटानाद उभारताना दोनच स्वरसंघात आलटून पालटून वाजवले. त्यांच्या मूळ स्वरांतील अंतर आपल्या परिभाषेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील अंतराइतके आहे. दोन्ही संघातांत दोन स्वर सामाईक असल्याने ते एकमेकांत मिसळतात, पण अकादमीच्या नियमांप्रमाणे कोणत्याही स्थिर मुक्कामाला पोहोचत नाहीत. सोहळ्याच्या झगमगाटाखाली अस्थैर्य ऐकू येते ते त्यामुळेच.

बोलण्यातून गाणे घडवण्याची ही रीत मुसोर्गस्कीने आधी कसोशीने घोटली होती. अलेक्सांद्र दार्गोमिझ्स्की याने 'पाषाणमूर्ती अतिथी' या ऑपेरासाठी पुश्किनचे काव्यनाट्य जवळजवळ जसेच्या तसे संगीतबद्ध करण्यास घेतले होते. मुसोर्गस्कीने १८६८ मध्ये त्याही पुढे जाऊन गोगोलच्या 'लग्न' या प्रहसनाचे गद्य संगीतात बांधण्याचा प्रयोग केला. तो एका अंकाशी थांबला, पण त्याचे फळ 'बोरिस'मधल्या खानावळीच्या प्रवेशात दिसते. तेथे जेमतेम अक्षरओळख असलेला भटक्या साधू वार्लाम झारचे पकडपत्र अडखळत वाचतो आणि संगीतही त्याच्याबरोबर अक्षराअक्षराला अडखळते. हे अडखळणे संगीतकाराचे आहे असे समजणारा समीक्षक वार्लामचे अज्ञान मुसोर्गस्कीच्या पदरात टाकतो.

६. रिम्स्की-कोर्साकोव्हचे संस्करण

मुसोर्गस्कीच्या मृत्यूनंतर त्याची हस्तलिखिते मार्गी लावण्याचे काम रिम्स्की-कोर्साकोव्हने अंगावर घेतले. अपुरी राहिलेली 'खोवान्श्चिना' त्याने पुरी केली, 'उघड्या डोंगरावरील रात्र' नव्याने रचली आणि १८९६ मध्ये 'बोरिस'चे संस्करण रंगमंचावर आणले. हा प्रयोग सेंट पीटर्सबर्गच्या संगीत अकादमीच्या सभागृहात झाला. ज्या संस्थेविरुद्ध मंडळी एकवटली होती तिच्याच छपराखाली मंडळीची सर्वश्रेष्ठ कृती परतली, आणि तीही त्या संस्थेच्या व्याकरणानुसार शुद्ध होऊन. १९०६–०८ मध्ये त्याने दुसरे संस्करण सिद्ध केले, आधी गाळलेले भाग परत आणले आणि राज्यारोहणाचा प्रवेश वाढवला. १९०८ मध्ये द्यागिलेव्हने पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रयोगात फ्योदोर शाल्यापिनने बोरिस साकारला आणि ही कृती जागतिक कीर्तीस पोहोचली.

या संपादनातील सूक्ष्म बदल असंख्य आहेत. खडबडीत स्वरसंघात सौम्य केले गेले, असमान लयखंड सरळ केले गेले, काही भागांची पट्टी बदलली आणि वाद्यवृंद तेजस्वी झाला. संपादकाच्या बाजूने तीन गोष्टी नमूद करणे न्यायाचे होईल. एक, त्याने स्वतःच्या 'प्स्कोव्हची कन्या'चीही दोनदा अशीच पुनर्रचना केली. जो निकष मित्राला तोच त्याने स्वतःला लावला. दोन, त्याच्या परिश्रमांवाचून 'बोरिस' रंगभूमीवर तगला असता किंवा नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तीन, मूळ कृती नष्ट करण्याचा त्याचा हेतू नव्हता. पुढे कधी मूळ रूपच श्रेष्ठ ठरले तर आपले संस्करण बाजूला ठेवून मुसोर्गस्कीच्या स्वरलिपीनुसार प्रयोग करता येतील, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आपले काम तात्पुरते ठरू शकते हे मान्य करणारा संपादक विरळाच.

तरीही प्रश्न उरतो तो निकषाचा. दुरुस्ती म्हणजे चूक आणि बरोबर यांतील भेद आधीच ठरलेला आहे असे मानणे. ते ठरवणारे व्याकरण जेथून आले, तेथे वार्लामसारख्याच्या बोलण्याला जागाच नव्हती.

७. दोन शेवट, दोन राष्ट्रे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १८७२ च्या रूपात बोरिस मरतो आणि त्यानंतर क्रोमीचा प्रवेश येतो. जमाव एका सरदाराला पकडून त्याची थट्टा करतो आणि त्याच्याभोवती गौरवगीताचे सोंग आणतो. राज्यारोहणाच्या वेळी सक्तीने गायिलेली प्रशस्ती येथे उपहास म्हणून परत येते. प्रथमच लोक स्वतःच्या इच्छेने गातात, बंड पुकारतात, हिंसाही करतात. मग तोतया दिमित्री येतो आणि तोच जमाव त्याचा जयजयकार करीत त्याच्यामागे निघून जातो. रंगमंचावर उरतो तो एकटा वेडा फकीर. रशियावर येऊ घातलेल्या अंधारासाठी तो रडतो आणि पडदा पडतो.

सक्तीची विनवणी, सक्तीचा गौरव, उपहासाचा गौरव आणि शेवटी स्वेच्छेने पत्करलेली नवी गुलामी, असा हा लोकांचा चार टप्प्यांचा प्रवास आहे. पुश्किनच्या छापील नाटकाचा शेवट लोकांच्या मौनाने होतो. मुसोर्गस्कीचे लोक मौन पाळत नाहीत. ते ओरडत निघून जातात आणि मौनाऐवजी एकाच माणसाचे रडणे उरते. पुश्किनच्या मौनात निदान निषेधाची शक्यता आहे. मुसोर्गस्कीने तीही आशा ठेवलेली नाही. १८६१ मध्ये भूदासांची मुक्ती झाल्यानंतरच्या दशकात, लोकांविषयीच्या भाबड्या गौरवाला ऊत आला असताना, हे चित्र रेखाटण्यास विलक्षण धैर्य हवे होते.

रिम्स्की-कोर्साकोव्हने हे दोन प्रवेश उलट क्रमाने लावले. क्रोमी आधी, बोरिसचा मृत्यू नंतर. परिणाम असा की, बंड हे राजाच्या अंतकाळाची प्रस्तावना झाले. प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडतो तो पापाच्या ओझ्याखाली कोसळणाऱ्या एका थोर माणसाचे दुःख मनात घेऊन. चार टप्प्यांच्या प्रवासाला निष्कर्ष उरत नाही. लोक येतात, गातात आणि पार्श्वभूमीत विरून जातात. शाल्यापिनच्या अलौकिक अभिनयाने हा शेवट इतका दृढ केला की, ऑपेरा मुळातच असा आहे असे पुढील पिढ्यांना वाटू लागले.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षणीय नाही. १८६९ च्या मूळ रूपाचाही शेवट बोरिसच्या मृत्यूनेच होतो. मग संपादकाला दोष का द्यावा? उत्तर रचनेतच आहे. त्या पहिल्या रूपात क्रोमीचा प्रवेश नाही. त्याऐवजी संत बासिलच्या चर्चपुढे भुकेला जमाव राजाकडे भाकरी मागतो आणि फकीर राजाच्या तोंडावर बालहत्येचा उच्चार करतो. लोक आणि राजा तेथे समोरासमोर येतात. राजाचा मृत्यू हा त्या भेटीचा परिणाम ठरतो. दोन्ही रूपे आपापल्या परीने सुसंगत आहेत. संस्करणात मात्र दुसऱ्या रूपाचा प्रवेश आणि पहिल्या रूपाचा शेवट एकत्र आले आणि दोन्हींचा तर्क सुटला. पुढे १९२७ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोय नाट्यगृहाने इप्पोलितोव्ह-इवानोव्हने वाद्यवृंदबद्ध केलेला संत बासिलचा प्रवेशही या संस्करणाला जोडला. वास्तविक फकिराचा विलाप मुसोर्गस्कीने त्या प्रवेशातून काढून क्रोमीत नेला होता. दोन्ही प्रवेश एकाच प्रयोगात आल्याने फकीर एकाच रात्री दोनदा तेच दुःख गाऊ लागला. पाठचिकित्सेचे भान सुटले की केवळ विद्वत्तेचेच नुकसान होत नाही, नाट्याचेही होते.

८. 'कच्चेपणा' म्हणजेच अस्सलपणा काय?

विसाव्या शतकात लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पावेल लामने १९२८ मध्ये मुसोर्गस्कीच्या मूळ स्वरलिपीवर आधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. १९३९–४० मध्ये शोस्ताकोविचने तिच्यासाठी नवी वाद्यवृंदरचना केली. १९७५ मध्ये डेव्हिड लॉइड-जोन्स यांची चिकित्सक आवृत्ती आली, आणि १९९७ मध्ये मारिन्स्की नाट्यगृहाने व्हॅलेरी गेर्गीएव्ह यांच्या संचालनाखाली १८६९ आणि १८७२ ही दोन्ही रूपे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केली. आज मूळ रूपांकडे वळण्याची प्रवृत्ती सर्वत्र बळावलेली दिसते.

या स्वागतार्ह बदलात एक धोका संभवतो. मुसोर्गस्कीला अशिक्षित, उत्स्फूर्त, मातीतून थेट उगवलेला प्रतिभावंत ठरवले की त्याचे वेगळेपण 'निसर्गदत्त' होते आणि त्यामागचा विचार अदृश्य होतो. चायकोव्हस्कीने १८७७–७८ च्या हिवाळ्यात नादेझ्दा फॉन मेक यांना लिहिलेल्या पत्रात मुसोर्गस्कीची प्रतिभा मंडळीत बहुधा सर्वांत लक्षणीय असल्याचे मान्य केले होते. मात्र आपल्या ओबडधोबडपणाचा त्याला अभिमान आहे, अशी तक्रारही केली होती. तक्रार करणारा आणि स्तुती करणारा दोघेही एकाच गृहीतावर उभे आहेत : मुसोर्गस्कीला जमले नाही म्हणून तो असे लिहितो. वर पाहिलेले पुरावे याउलट सांगतात. गद्याचा प्रयोग, दोन संहिता, शेवटाच्या क्रमाचा निर्णय ही अडाण्याची लक्षणे नव्हेत.

तसेच मुसोर्गस्कीचे लोकही संपूर्ण राष्ट्र नव्हेत. क्रोमीतला जमाव परधर्मी जेसुइटांवर तुटून पडतो. पोलंडचा अंक १८६३ चा पोलिश उठाव चिरडला गेल्यानंतर दशकभराच्या आतच लिहिला गेला आणि त्यातील धर्मगुरू रांगोनी हा कपटाचा पुतळा आहे. ग्लिंकाचा 'परका' येथेही पुरता लोपलेला नाही. फरक एवढाच, पण तो मोलाचा, की मुसोर्गस्कीने पहिला कठोर प्रश्न परक्याला न विचारता स्वकीयांना विचारला.

९. समारोप

रशियन राष्ट्रीय संगीताची कसोटी लोकगीतांच्या संख्येवर लावली तर बालाकिरेव्हचा १८६६ चा चाळीस गीतांचा संग्रह किंवा रिम्स्की-कोर्साकोव्हचा शंभर गीतांचा संग्रह पुरेसा ठरेल. कसोटी जर अशी लावली की, लोकांच्या बोलण्यासाठी रचनाकाराने आपले व्याकरण किती वाकवले आणि लोकांविषयी अप्रिय सत्य सांगण्यास तो किती धजला, तर 'बोरिस गोदुनोव'चे १८७२ चे रूप एकटे उठून दिसते. रिम्स्की-कोर्साकोव्हचे संस्करण हे एका श्रेष्ठ संगीतकाराने केलेले त्या कृतीचे भाष्य आहे. ते जतन करावे, ऐकावे, अभ्यासावे. मात्र मूळ संहितेच्या जागी ठेवू नये.

संगीत, साहित्य वा इतिहास शिकवणाऱ्या अध्यापकाच्या दृष्टीने या प्रकरणाचा बोध व्यवहारी आहे. एखादी कृती राष्ट्राची म्हणून वर्गात मांडण्यापूर्वी तिचा कोणता पाठ आपल्या हाती आहे, तो कोणी आणि कोणत्या निकषांवर सिद्ध केला, आणि त्यात शेवटचा शब्द कोणाला दिला आहे, हे तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. 'बोरिस'मध्ये तो शेवटचा शब्द मुसोर्गस्कीने एका वेड्या फकिराला दिला होता. संपादकाने तो राजाला परत केला. या दोन निर्णयांतील अंतर नोंदवल्यावाचून या कृतीला राष्ट्रीय म्हणणे म्हणजे निकाल वाचण्यापूर्वीच त्यावर सही करणे होय.